आर्वोकाकांचे सव्वीस क्लेम

पेल्कोला आडनावाच्या घराण्यात प्रश्न विचारणं हे चोरीपेक्षा हलकं काम समजलं जाई. चोराला निदान गरज असते, असं हेल्मीआजीचे सासरे म्हणत. ते असं का म्हणत, हेही त्यांना कधी कुणी विचारलं नाही.

त्यामुळे रविवारी चर्चमधून आल्यावर इर्मानं आईच्या, म्हणजे हेल्मीआजीच्या, जेवणाच्या टेबलावर, मांस-बटाट्याचं सारण भरलेल्या पेस्ट्यांच्या ताटाशेजारी, लॅपटॉप उघडून ठेवला आणि "मला आज आईला एक प्रश्न विचारायचाय," असं जाहीर केलं, तेव्हा तिच्या धाकट्या भावाच्या, राउनोच्या हातातला काटा तोंडाजवळ येऊन थांबला.

"कुणाला?"

"आईला."

"काय झालंय ताई तुला? ताप आहे का?" राउनो म्हणाला. मग आपणही प्रश्नच विचारला हे ध्यानात येऊन त्यानं घाईघाईनं घास तोंडात टाकला.

आई घरात नव्हती. आर्वोकाकांबरोबर त्यांच्या घरून धुरी दिलेला मासा आणायला गेली होती. काकांचं घर म्हणजे शेजारचंच. मध्ये पंचवीस पावलांची वाट. एप्रिल लागला तरी गावात गुडघाभर बर्फ होतं, पण ही वाट कधी बुजलेली कुणी पाहिली नव्हती. घरं दोन आणि गेली चाळीस वर्षं धूर एकाच धुराड्यातून. अख्खं गाव ते बघत होतं आणि हवापाण्याविषयी बोलत होतं.

"आत्या, राहू दे ना," किर्स्टी म्हणाली. ही राउनोची मुलगी. शहरातल्या इस्पितळातली नोकरी सोडून तिनं गावात स्वतःचा फिजिओथेरपीचा दवाखाना काढला, त्याला आता वर्ष होत आलं होतं. "सव्वीस भेटी गेल्या तर गेल्या. मी उद्या इस्पितळाला फोन करते, येते म्हणून सांगते."

"आणि दवाखाना?"

"जागा दातांच्या डॉक्टरांची आहे, त्यांना परत देईन. उद्या सकाळपर्यंत उत्तर द्यायचंय त्यांना. पाच महिन्यांचं भाडं त्या सव्वीस भेटींत आहे, आत्या. दुसरीकडून कुठून येणार?"

इर्मानं चष्मा वर सरकवला. एकतीस वर्षं तिनं शाळेचं कार्यालय सांभाळलं होतं. निवृत्तीनंतर भाचीच्या दवाखान्याची बिलं ती फुकट बघायची. मेडिकेअरला, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याला, क्लेम पाठवायचे तर आधी त्यांची नियमपुस्तिका वाचायला हवी, असं तिला पहिल्याच दिवशी वाटलं. आणि तिनं ती खरोखर वाचली. असं करणारी देशातली ती बहुधा पहिलीच बाई. वाचनालयात छापून घेतलेले ते गठ्ठे ती बायबलशेजारी ठेवी आणि दोन्हींत सारख्याच खुणा करी.

घोळ सुरू झाला तो आर्वोकाकांच्या खुब्यापासून. मागच्या वर्षी खुबा बदलल्यावर काका किर्स्टीकडे व्यायामाला येऊ लागले. पहिली भेट आठ एप्रिलची. पुढे वर्षभरात सव्वीस भेटी झाल्या, काका काठीशिवाय चालू लागले. पण त्यांच्या विम्याचं कार्ड मागायचं कसं, हे किर्स्टीला सुचेना. पैशांचं नाव काढलं की काका एक पांढरा मासा वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलावर ठेवायचे आणि विषय संपायचा.

हिवाळ्यात फायली लावताना इर्माला ती फाइल सापडली.

"कार्ड कुठंय?"

"मागितलं नाही."

"का?"

"आत्या, कसं मागणार?"

आणि यातली खरी गंमत अशी की इर्माला ते लगेच पटलं. तिनंही कार्ड मागितलं नाही. तिनं एक चिठ्ठी लिहिली, काकांच्या फ्रीजवर चुंबकानं लावली आणि तीन आठवडे वाट पाहिली. शुक्रवारी कार्ड आलं, वर्तमानपत्र आणि मासा यांच्या मधून, खवल्यांसकट.

सेवा दिल्यापासून वर्षाच्या आत क्लेम पोचला नाही तर तो मेला. म्हणजे पहिला उद्या मरणार, मग परवा-तेरवा दुसरा, असे ओळीनं. तेही जमलं असतं. पण शनिवारी दुपारी, शेवटची खात्री म्हणून पुस्तिका चाळताना, इर्माला सोळाव्या प्रकरणात ते कलम दिसलं: उपचार करणाऱ्यानं स्वतःच्या जवळच्या नातलगांवर केलेल्या उपचारांचे पैसे सरकार देणार नाही. खाली नातलगांची यादी.

"काका यादीत नाहीत," राउनो म्हणाला. "किर्स्टीचे ते चुलत आजोबा. आमच्या बाबांचे धाकटे भाऊ. मग दाब की बटण."

"चुलत आजोबा नाहीत यादीत. पण आजीचा नवरा आहे."

राउनोनं चुलीवरची उकळती कॉफी उतरवली.

हा विषय घराण्यात पन्नास वर्षांत निघाला नव्हता. वडील खाणीतल्या अपघातात गेले तेव्हा इर्मा बारा वर्षांची, राउनो दहाचा. आर्वोकाका शेजारच्या घरात राहायला आले ते वहिनीची लाकडं फोडायला. पुढं कधीतरी लाकडं फोडून झाल्यावरही ते थांबू लागले. राउनोनं मनाशी धरलेलं की एक्क्याण्णव साली दोघं दोन दिवस शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात जाऊन आले, तेव्हा गुपचूप लग्न उरकून आले असणार. येताना फक्त एक नवी कुऱ्हाड आणली होती, पण तो तपशील राउनो सोडून देई. इर्माला मात्र खात्री होती की लग्न झालेलं नाही. त्यामुळे गेली तीस वर्षं दर रविवारी ती देवाकडे एकच मागणं मागत होती, की या दोघांनी कुठंतरी, कसंतरी, लग्न केलेलं असू दे.

"म्हणजे आता," राउनो हळूच म्हणाला, "लग्न झालेलं नसावं अशी प्रार्थना करायची."

"मी तीस वर्षं उलटी केलीय रे!" इर्माचा आवाज चढला. "आणि त्यानं नेमकी तीच ऐकली असेल तर?"

"तर विचारूच नकोस. दाबून टाक. आपल्याला माहीत नाही म्हणजे आपण खोटं बोललो नाही."

"माहीत नसणं वेगळं आणि माहीत करून न घेणं वेगळं. सरकारला मी लिहून देते की यातला शब्द न् शब्द खरा आहे."

"बाबा, आत्याला जेलमध्ये पाठवू नका," किर्स्टी म्हणाली. "आणि आजीला या वयात असलं विचारायचं? माझ्या भाड्यासाठी? मी इस्पितळात जाते. तिथं निदान कॉफीचं मशीन आहे."

"तू गप्प बस," बहीणभाऊ एकदम म्हणाले. बऱ्याच वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

तेवढ्यात दार उघडलं. हेल्मीआजी आत आली, चौऱ्याऐंशीची, काडीसारखी सरळ. तिच्यामागे माशाचं पुडकं घेतलेले आर्वोकाका, बूट आपटत. सगळे बसले. पेस्ट्या वाढल्या. इर्मानं घसा खाकरला.

"आई..."

"हं?"

"कॉफी कडक झालीय."

"सरोवरावरचं बर्फ यंदा पातळ आहे," राउनोनं बहिणीला हात दिला.

"पातळच," आर्वोकाका म्हणाले. विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा होता.

हेल्मीआजीनं सुरी खाली ठेवली. "खिडकी उघडी आहे स्वयंपाकघराची. सगळं ऐकू येत होतं बाहेर. आता कुणी विचारणार आहे, की पेस्ट्या गार करायच्या?"

इर्मा कपाळापर्यंत लाल झाली. बासष्ट वर्षांची बाई, शाळेतल्या दोन हेडमास्तरांना तिनं रडवलं होतं. आता तिनं चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"वाच ते पान आधी," आजी म्हणाली.

इर्मा वाचू लागली. "नवरा-बायको. आईवडील, मुलं, भावंडं. सावत्र आईवडील, सावत्र मुलं, सावत्र भावंडं. सासू, सासरे, जावई, सून. मेहुणे, दीर, नणंदा. आजी-आजोबा, नातवंडं. आजी-आजोबांचे आणि नातवंडांचे जोडीदार."

"काका नाहीत?" आर्वोकाकांनी विचारलं.

"काका, मामा, आत्या, मावशी, कुणीच नाही. सरकारच्या हिशेबी काका परका."

"सरकारनं काका पाहिलेले दिसतात," आर्वोकाका म्हणाले आणि पेस्टीवर केचप ओतलं.

"आई," इर्मा म्हणाली, आणि एका दमात संपवून टाकलं, "तुमचं दोघांचं लग्न झालंय का?"

हेल्मीआजीनं सुरी उचलून पेस्टीचे सहा तुकडे केले. इर्मानं मोजले.

"नाही," हेल्मीआजी म्हणाली.

राउनोनं टेबलावर अशी मूठ मारली की माशाचं पुडकं उडालं. किर्स्टीनं टाळ्या वाजवल्या. "देवा, तुझे उपकार!" इर्मा ओरडली आणि आपण नेमके कशाबद्दल आभार मानले हे लक्षात येऊन तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"पन्नास वर्षांत," आजी कोरड्या आवाजात म्हणाली, "या बातमीचा एवढा आनंद झालेली माणसं मी पाहिली नव्हती."

"आजी, तसं नाही गं..."

"पाठवा आता. चेहरे काय बघताय?"

सगळे लॅपटॉपभोवती गोळा झाले. राउनो खुर्चीवर गुडघे टेकून, किर्स्टी आत्याच्या खांद्यावरून. सव्वीस ओळी. इर्मानं पदराला पुसावं तसं बोट स्वेटरला पुसलं आणि बटण दाबलं. पडद्यावर एक चक्र फिरू लागलं. फिरलं, फिरलं, थांबलं. मग वरून खालपर्यंत, दिवाळं निघाल्यासारख्या, सव्वीसही ओळी लाल झाल्या.

"परत," किर्स्टी पुटपुटली. "सगळे परत आले."

"का? का परत?" राउनो.

इर्मानं नाक पडद्याला टेकवलं. "रुग्णाची माहिती सरकारी नोंदीशी जुळत नाही. कार्डाचा नंबर बरोबर आहे, दोनदा तपासलाय मी. नाव बरोबर. जन्मतारीख..." ती थांबली. जन्मतारीख कार्डावर नव्हती. ती तिनं स्वतः घातली होती, कारण ती तर सगळ्यांनाच पाठ होती. एकवीस नोव्हेंबर. दरवर्षी त्या दिवशी आई वेलदोड्याचा पाव भाजायची आणि काका तीन तुकडे खायचे.

तिनं मान वळवली. एका दिवसात दोन प्रश्न, तेही जेवणाच्या टेबलावर. पण आता भीड चेपली होती.

"काका, तुमचा वाढदिवस कधी असतो?"

आर्वोकाकांनी तोंड पुसलं. "बारा ऑक्टोबर."

"काय?"

"बारा ऑक्टोबर."

"आर्वो!" हेल्मीआजी म्हणाली. "मी पन्नास वर्षं नोव्हेंबरमध्ये पाव भाजतेय!"

"छान असतो पाव," काका म्हणाले. "पहिल्या वर्षी तू आणलास, तेव्हा म्हटलं, कशाला उगाच."

"मग पन्नास वर्षांत एकदाही..."

"कुणी विचारलं नाही."

राउनो हसता हसता खुर्चीवरून घसरला. इर्माला हसायला वेळ नव्हता. सव्वीस ठिकाणी तिनं तारीख बदलली, शाळेत हजेरीपट सुधारायची तशी, प्रत्येक ओळ ओठांत वाचत. किर्स्टी मोजत होती. "चोवीस... पंचवीस... सव्वीस." पुन्हा बटण. पुन्हा चक्र. या वेळी चक्राखाली अक्षरं आली: तपासणी सुरू आहे, कृपया थांबा.

थांबणं पेल्कोलांना जमत होतं. पण आज इर्माला जमेना. बासष्ट वर्षं बंद असलेला नळ सुटला होता.

"आई, का नाही केलंत लग्न?"

"ताई!" राउनो उठून बसत म्हणाला.

"विचारू दे तिला," आजी म्हणाली. "यानं विचारलं होतं एकदा. सत्त्याऐंशी साली. मी म्हटलं, मी पुन्हा लग्न केलं तर खाणीची विधवा-पेन्शन बंद होईल. राउनोचं शिक्षण चाललंय. पेन्शन संपेल तेव्हा विचार."

"बरोबर," आर्वोकाका म्हणाले. "शब्द न् शब्द."

"मग?" इर्मा.

"मग काय? पेन्शन संपली की विचारीन म्हटलं. अजून चालू आहे ना."

हेल्मीआजी त्यांच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा आधी गोरा होता तो गुलाबी झाला, मग त्याहून जास्त.

"आर्वो. पेन्शन पंच्याण्णव साली बंद झाली. कंपनी बुडाली तेव्हा."

"कुठली कंपनी?"

"खाण! खाण बुडाली! पेपरात पहिल्या पानावर होतं!"

"मी मागचं पान वाचतो," काका म्हणाले. "मासेमारीचं." त्यांचा काटा हातातच राहिला होता. "तू सांगितलं नाहीस."

"मला वाटलं तुला माहीत आहे! मला वाटलं तुला आता नकोय. एकोणतीस वर्षं मी समजत होते की तुझा विचार बदलला."

"आणि मी समजत होतो की तुझी पेन्शन फार मोठी आहे."

कुणीच हसलं नाही. राउनोनं डोळे पुसले, पण ते मघाच्या हसण्याचं पाणी असावं असं त्यानं सगळ्यांना भासवलं. आर्वोकाकांनी काटा खाली ठेवला, टेबलाच्या कडेला दोन्ही हात रोवले आणि उठले. मग ते खाली वाकू लागले. सावकाश, डावा गुडघा पुढं.

"काका, नाही!" किर्स्टी किंचाळली. "खुबा! एवढं वाकायचं नाही, कितीदा सांगितलंय! वर उठा!"

"आणि थांबा!" इर्मा त्याहून मोठ्यानं ओरडली. "काही विचारू नका अजून! पोच येऊ दे!"

"आत्या, उपचार झाले तेव्हा लग्न नव्हतं ना, मग आता विचारलं तर काय बिघडतं?"

"काही बिघडत नाही. पुस्तिकेप्रमाणे काहीच नाही. पण माझ्या जिवाला बिघडतं!"

काका अर्धे वाकलेले, किर्स्टी त्यांना काखेत धरून, आजी ताठ बसलेली, आणि सगळे नऊ इंची पडद्याकडे बघत. चक्र फिरत होतं. राउनो ओळीकडे बोट दाखवून काहीतरी पुटपुटत होता. इर्माला वाटलं, शिव्या देतोय. जवळ कान नेला तर प्रभूची प्रार्थना होती, आणि तीही अर्धी चुकलेली.

पहिली ओळ हिरवी झाली. आठ एप्रिल: स्वीकारला.

मग दुसरी. मग एकदम पाच. मग वरपासून खालपर्यंत, वसंतात कुरण व्हावं तशा.

"सव्वीस!" किर्स्टीनं काकांना सोडून आत्याला मिठी मारली, मग काका कलताहेत हे बघून पुन्हा त्यांना धरलं. "सव्वीस, आत्या! दवाखाना राहिला!"

"आता विचारू?" वाकलेल्या आर्वोकाकांनी विचारलं.

"उभ्यानं विचारा," किर्स्टी म्हणाली. "डॉक्टरांचा हुकूम समजा."

काका उभे राहिले. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, खिशात हात घालावेत की नाही हे न सुचलेला. "हेल्मी," ते म्हणाले. "पेन्शन संपलीय असं कळलं. तर, काय म्हणतेस?"

"एक मिनिट," इर्मा म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे अशा नजरेनं बघितलं की ती खुर्चीतच लहान झाली. पण खरेपणा तिच्या हाडात होता. "आई, मी सांगितलं नाही असं नको व्हायला. डॉक्टरांनी काकांना अजून सात भेटी लिहून दिल्यात. तू हो म्हणालीस की ते किर्स्टीच्या आजीचे यजमान. त्या सातांचा एक पैसा मिळणार नाही. सात भेटी झाल्यावर लग्न केलंत तर..."

"किती दिवस लागतील सातांना?"

"जूनच्या शेवटापर्यंत."

हेल्मीआजीनं नातीकडे बघितलं. किर्स्टीनं मान हलवली, जोरजोरात, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना, म्हणजे नेमकं काय ते कुणाला कळलं नाही. मग तिला शब्द सापडले. "आजी, सात भेटी मी फुकट करीन. सत्तर करीन. तू फक्त बोल."

"एका कचेरीसाठी मी इतकी वर्षं थांबले," आजी म्हणाली. "दुसरीसाठी जूनपर्यंतसुद्धा थांबणार नाही. हो, आर्वो."

आर्वोकाका खाली बसले. त्यांना बसणं भागच होतं. बसल्यावर त्यांनी टेबलावरून हात पुढं केला आणि हेल्मीआजीनं तो केचपसकट धरला. बाहेर कुणाची तरी गाडी वाटेवरून गेली आणि नेहमीप्रमाणे मुद्दाम इकडे न बघता गेली.

"लग्नाच्या लायसन्सला अर्ज उद्या," राउनो म्हणाला. तो आता आईच्या लग्नाचा व्यवस्थापक झाला होता. "अर्जानंतर तीन दिवस थांबावं लागतं. म्हणजे गुरुवारी लग्न."

इर्माचे डोळे चमकले. "गुरुवारी? काकांची पुढची भेट बुधवारी आहे." तिनं बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. "बुधवारी ते अजून परके आहेत!"

"मग बुधवारची बिलात घाल," हेल्मीआजी म्हणाली.

किर्स्टी हसत हसत कॉफी ओतायला उठली. इर्मा पुन्हा लॅपटॉपकडे वळली. बुधवार तिनं तसाच ठेवला. मग पुढच्या सहा भेटी एकेक करून उघडल्या आणि प्रत्येकीच्या रकमेपुढे शून्य घातलं. प्रोग्रॅमला कारण हवं होतं. यादी उघडली, तिच्यात बऱ्याच तळाशी, आजवर तिनं कधीच न वापरलेलं, एक कारण होतं: जवळचे नातलग. तिनं ते निवडलं. नक्की का, असं यंत्रानं विचारलं. इर्मानं हो दाबलं. पुढच्या ओळीला पुन्हा तेच विचारलं, पुन्हा हो. असं सहा वेळा झालं, आणि एरवी असल्या फाजील चौकशीवर वैतागणारी इर्मा प्रत्येक वेळी मान डोलावून, मोठ्यानं "हो" म्हणत होती.